पृष्ठभागासाठी शर्यत

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काल दिलेला आहे. मंदिराच्या काळ्या दगडी भिंतींवर शिल्पांची दाटी आहे. अशा कोरीव दगडाच्या खाचांत पावसाळ्यात ओल टिकते, धूळ अडकते आणि शेवाळ व जीवाणू यांना आसरा मिळतो. सपाट, गुळगुळीत दगडावरून पाणी त्यांना सहज धुऊन नेते.

दगडावर असा थर बसला तर फार तर पाय घसरेल. पण माणसाच्या शरीरात बसवलेल्या ‘दगडा’वर तो बसला तर?

अपघातात किंवा रोगामुळे हाडाचा तुकडा नाहीसा झाला, तर ती पोकळी भरण्यासाठी शल्यविशारद सिरॅमिक पदार्थ वापरतात. त्यांपैकी एक म्हणजे हायड्रॉक्सिॲपटाइट. हे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे संयुग असून आपल्या हाडांतील खनिजही जवळजवळ तेच असते. त्यामुळे शरीर त्याला परके मानत नाही. या सिरॅमिकमध्ये मुद्दाम छिद्रे ठेवतात. ती साधारणतः ०.१ मिलिमीटरहून मोठी असली, की हाडाच्या पेशी व रक्तवाहिन्या आत शिरतात.

पण स्टॅफिलोकॉकस जीवाणूचा व्यास असतो अवघा ०.००१ मिलिमीटर! शंभरपट रुंद दरवाजा त्याच्यासाठीही उघडाच असतो.

तो चिकटतो कसा? जीवाणूच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण विद्युतभार असतो. शरीरद्रवात सिरॅमिकचा पृष्ठभागही बहुधा ऋणभारितच असतो. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शिकला आहात. मग जीवाणू दूर का जात नाही? कारण शरीरातील द्रव खारट आहे. त्यातील आयन या भारांना झाकून टाकतात, आणि अपकर्षणाचा प्रभाव मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागापुरताच उरतो. व्हॅन डर वाल्स आकर्षण त्याहून दूरवर पोहोचते व जीवाणूला ओढून धरते.

ही पकड सैल असते. पक्की पकड पुढे बसते. सिरॅमिक शरीरात जाताच रक्तातील प्रथिनांचा पातळ लेप त्यावर चढतो. जीवाणूंजवळ या प्रथिनांना धरणारे रेणू असतात. एकदा पाय रोवले, की ते दुभंगून वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. हा थर म्हणजेच बायोफिल्म. तुमच्या दातांवर जमणारे किटण हाही त्यातलाच प्रकार. थरातील जीवाणूंपुढे नेहमीची प्रतिजैविके पुष्कळदा निष्प्रभ ठरतात. अशा वेळी बसवलेला तुकडा पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावा लागतो.

अमेरिकी अस्थिशल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये या प्रकाराला ‘पृष्ठभागासाठी शर्यत’ असे म्हटले. हाडाच्या पेशी आधी पोहोचल्या, तर जागा त्यांची. जीवाणू आधी पोहोचले, तर त्यांची.

मग पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत का करू नये? कारण तसे केल्यास हाडाच्या पेशींनाही नीट पकड मिळत नाही. खरी अडचण येथेच आहे. म्हणून शास्त्रज्ञ सिरॅमिकमध्ये चांदी किंवा जस्त यांचे आयन मिसळून, अथवा छिद्रांत प्रतिजैविक भरून पाहतात. चांदी जास्त झाली, तर ती आपल्या पेशींनाही घातक ठरते. तेव्हा प्रमाण नेमके साधावे लागते.

दरवाजा उघडा ठेवायचा, पण आत कोणाला घ्यायचे ते ठरवायचे, असे हे काम आहे. तुमच्यापैकी कोणी पुढे ते हाती घेईल काय?