संगणकाच्या पोटातला अठ्ठ्याण्णव

माझ्या लॅपटॉपमध्ये दोन जीबीची एक फाइल आहे आणि ती फाइल म्हणजे एक अख्खा संगणक आहे. सुरू केला की ढगांच्या चित्रावर विंडोज ९८ चं नाव येतं, मग हिरवट-निळा पडदा, डावीकडे ‘माय कॉम्प्युटर’, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. भोवताली २०२० नंतरचा लॅपटॉप, मधल्या चौकटीत गेलं शतक.

देवणीत हे दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला: याचा उपयोग काय? आमचं गाव बैलांसाठी ओळखलं जातं. इथली जाणती माणसं जनावराच्या रंगावरून सांगतात, काळसर तोंडाचा तो वानेरा, निखळ पांढरा तो बालंक्या, काळे ठिपके असले की शेवरा. संगणक वापरलेला माणूसही सुरुवातीचा पडदा बघून ९५, ९८ की एक्सपी ते ओळखतो. पण ट्रॅक्टर आल्यावरही बैल पाळायला कारण लागतं. तसं मलाही लागलं.

कारण होतं एका सप्ताहाची जुनी स्मरणिका. जवळच्याच गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहाची. छापील प्रत कुणाकडे उरली नव्हती, पण एका कपाटात सीडी सापडली. माझ्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नाही, म्हणून बाहेरून लावायचा ड्राइव्ह मागून आणला. आत पेजमेकर ६.५ च्या फाइली. आजचं इनडिझाइन त्यांना हात लावत नाही. सीएस६ पर्यंतची आवृत्ती त्या उघडायची, पुढं अडोबीनं ती सोय काढून टाकली. दुसऱ्या एका खटपटीनं मजकूर बाहेर काढला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा भुसा.

हा भुसा म्हणजेच मराठी होती. १९९० च्या दशकात आपल्याकडे डीटीपीची दुकानं निघाली, तेव्हा विंडोजला देवनागरी कळतच नव्हती. मग युक्ती निघाली: इंग्रजी अक्षराच्या जागी फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करता. डोळ्यांना मराठी दिसते. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, सगळ्यांची जात तीच, पण कुठल्या कोडवर कोणता ‘क’ बसवायचा ते ज्याचं त्यानं ठरवलेलं. फॉन्ट गेला की मजकूर गेला. आयएससीआयआय नावाचं भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलेलं होतं, युनिकोडमध्येही देवनागरीला त्याच वर्षी जागा मिळाली होती. पण छपाईच्या दुकानात मानकाला कोण विचारतो? उद्या सकाळी पत्रिका द्यायची असते.

विंडोजमध्ये देवनागरी रीतसर आली ती २००० च्या आवृत्तीत, रा. कृ. जोशींनी घडवलेल्या ‘मंगल’ फॉन्टसह. एक्सपीमध्येही ती आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग संगणक मूळ सीडी मागायचा, आणि सीडी नेमकी दुरुस्तीवाल्याकडे राहिलेली असायची. दुकानदारांनी नाद सोडला यात नवल नाही. त्यामुळे दीड-दोन दशकांतल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, गौरवग्रंथ, स्थानिक साप्ताहिकं त्या जुन्या फॉन्टांत कुलूपबंद आहेत. किल्ली म्हणजे तोच पेजमेकर, तोच फॉन्ट आणि त्यांना घरचं वाटेल असं विंडोज ९८.

ते नव्या यंत्रावर थेट बसत नाही. म्हणून व्हर्च्युअल मशीन. हा एक प्रोग्राम असतो आणि तो संगणकाचं सोंग घेतो: हार्ड डिस्क म्हणून एक फाइल पुढं करतो, स्क्रीन म्हणून एक चौकट, सीडी ड्राइव्ह म्हणून आणखी एक फाइल. आतल्या विंडोजला बिचाऱ्याला पत्ता नसतो. कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमनं एका मोठ्या यंत्राचे असे अनेक भास केले होते. साध्या पीसीवर ती १९९९ मध्ये व्हीएमवेअरनं आणली आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स आल्यावर आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली.

काम ९८ चं होतं, पण एकदा दार उघडल्यावर मी मागं मागं गेलो. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या एकमेकींवर येतच नाहीत. भावकीच्या वाटण्यांसारख्या बांधाला बांध लावून उभ्या. एक रुंद केली की दुसरी आपोआप अरुंद होते. एकीनं दुसरीवर चढायची परवानगी १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. पत्त्यांचा सॉलिटेअर १९९० चा. त्याआधी डॉस, आणि डॉसला विश्रांती माहीत नाही. कळ दाबायची वाट बघतानाही तो प्रोसेसरला पूर्ण जुंपून ठेवतो, म्हणून आत काळा पडदा निवांत दिसतो आणि बाहेर लॅपटॉपचा पंखा घोंघावतो.

९५ नं मात्र छळलं. चालू होता होता ‘प्रोटेक्शन एरर’ देऊन आडवा पडायचा. कारण कळलं तेव्हा हसू आलं. सुरुवातीला तो प्रोसेसरचा वेग मोजतो: ठरावीक फेऱ्या मारायला लावतो आणि लागलेल्या वेळानं भागतो. आजचा प्रोसेसर त्या फेऱ्या इतक्या झटपट संपवतो की लागलेला वेळ शून्य भरतो. शून्यानं भागायचं कसं? पॅच लावून तो उठवला आणि आधी टाइम झोनचा नकाशा उघडला. मूळ नकाशात भारताचा भाग उजळायचा तेव्हा काश्मीरचे आठ पिक्सेल वेगळ्या रंगाचे राहायचे. त्यापायी भारतात बंदी आली आणि दोन लाख प्रती परत घ्याव्या लागल्या, असं मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्यानं २००४ मध्ये सांगितलं होतं. आठ ठिपके!

एक गोष्ट मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये खऱ्यापेक्षा बरी आहे. भारनियमनाच्या वर्षांत इथं वीज गेली की संगणक धाडकन बंद व्हायचा. ती आल्यावर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू, संगणक नीट बंद केला नाही म्हणून वर आपल्यालाच बोल. आता ‘सेव्ह स्टेट’ म्हटलं की अर्धवट ओळीसकट सगळं गोठतं. उद्या उघडलं तर कर्सर त्याच ओळीवर लुकलुकतो. इंटरनेट मात्र मी या यंत्राला दाखवत नाही. २००६ नंतर त्याला एकही सुरक्षा-दुरुस्ती मिळालेली नाही. जत्रेत लहान पोर सोडून द्यावं तसं होईल.

आणि हो, जुनं झालं म्हणून विंडोज फुकट झालेलं नाही. माझ्याकडं तेव्हाची सीडी आणि तिच्या पाकिटावरचा क्रमांक आहे. डॉसचं तसं नाही: १.२५ आणि २.० चा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये आणि ४.० चा २०२४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला.

स्मरणिका उघडली ती एका रविवारी. सीडीची प्रतिमा करून खोट्या ड्राइव्हमध्ये घातली, फॉन्ट बसवले. टाइप करायचं तर मराठी सॉफ्टवेअरसोबतचं लॉक लागलं असतं, संगणकाच्या मागं प्रिंटरच्या पोर्टला लावायचं. पण नुसतं बघायला फॉन्ट पुरतो. भुशाच्या जागी काकड्यापासून काल्याच्या कीर्तनापर्यंतचा सात दिवसांचा कार्यक्रम उभा राहिला. अन्नदात्यांच्या यादीत निम्मी नावं आता कैलासवासी.

पानं पीडीएफ करून दिली, तर लगेच पुढची मागणी: मोबाइलवर पाठवता येईल असा मजकूर द्या. कन्व्हर्टर आहेत. पण जुन्या फॉन्टमध्ये रफार दिसतो तसा अक्षराच्या नंतर टाइप होतो आणि युनिकोडमध्ये तो ‘र्’ म्हणून आधी येतो. ऱ्हस्व वेलांटीचं नेमकं उलटं. त्यामुळे ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो, ‘वर्ष’चं ‘वषर्’. बत्तीस पानं आहेत. संध्याकाळी अठ्ठ्याण्णव एका बाजूला उघडा ठेवतो, नवा मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि एकेक रफार जागेवर नेतो. काल अकराव्या पानापर्यंत आलो.