काठावरचा शेजारधर्म

शेजारधर्म हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. शेजाऱ्याशी वागण्याला आपल्या पूर्वजांनी नुसती रीत म्हटले नाही, धर्म म्हटले. हा शब्द रुजला तो एकाच जागी पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या माणसांत. पण ज्यांचे घरच आज येथे तर पंधरवड्याने दुसरीकडे असते, ज्यांचा शेजारी सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा असतो, त्यांचा शेजारधर्म कसा असेल? इंग्लंडातील कालव्यांवर नावेत संसार थाटून राहणाऱ्या हजारो माणसांपुढे हा प्रश्न नित्य उभा असतो. आणि तोही एका साध्या गोष्टीवरून. विजेसाठी नावेचे एंजिन केव्हा चालवावे आणि केव्हा बंद ठेवावे, ही ती गोष्ट होय.

प्रथम त्या कालव्यांची थोडी ओळख करून घेऊ. १७६१ साली ब्रिजवॉटर कालवा खुला झाला आणि त्यातून मँचेस्टरला कोळसा येऊ लागला. पुढील काही दशकांत देशभर कालव्यांचे जाळे पसरले. अनेक कालव्यांवर पाण्याची पातळी बदलण्यासाठी बांधलेली कुंडे, ज्यांना तेथे लॉक म्हणतात, जेमतेम सात फूट रुंदीची होती. म्हणून नावाही तितक्याच अरुंद आणि लांबच लांब झाल्या. नॅरोबोट हे नाव त्यावरूनच पडले. नावा ओढीत घोडे काठाने चालत आणि त्यांच्यासाठी राखलेल्या वाटेवर आज फिरावयास निघालेली माणसे आणि सायकलस्वार दिसतात. रेल्वेने आणि मागाहून मालमोटारींनी कालव्यांची वाहतूक हिरावून घेतली, आणि १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात पाणी गोठून राहिल्यावर उरलासुरला व्यापारही बहुतांशी संपला. परंतु कालवे वाचले. एल. टी. सी. रोल्ट या लेखकाचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली निघाले, १९४६ मध्ये कालव्यांच्या रक्षणासाठी संस्था उभी राहिली, आणि हळूहळू या नावा सहलीच्या व निवासाच्या झाल्या. इंग्लंड व वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग २०१२ पासून ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहेत.

अशा नावेत दिवे असतात, पाण्याचा पंप असतो, फ्रीज असतो. हे सारे चालते ते बॅटऱ्यांवर. काही ठिकाणी काठावर विजेचा खांब असतो. पण उघड्या काठाला बांधलेल्या नावेला तो लाभत नाही. तेव्हा एंजिन सुरू करायचे, त्यावर फिरणाऱ्या ऑल्टरनेटरने बॅटऱ्या भरून घ्यायच्या, हा रूढ मार्ग. एंजिनाच्या उष्णतेवर बहुतेक नावांत अंघोळीचे पाणीही तापते. येथे एक अडचण लक्षात घ्यावयास हवी. शिशाच्या बॅटरीतील बराचसा भाग लवकर भरतो; परंतु शेवटचा पाचवा हिस्सा भरावयास कित्येक तास लागतात, मग ऑल्टरनेटर कितीही मोठा असो. ती नेहमीच अर्धवट भरलेली राहिली तर तिच्या पट्ट्यांवर क्षार धरतात आणि ती अकाली निकामी होते. म्हणून नावेतील माणूस तासन्‌तास एंजिन चालवतो, ते शेजाऱ्याला त्रास द्यावा म्हणून नव्हे.

त्रास मात्र होतो. लोखंडी नाव एंजिनाचे हादरे पाण्याला देते आणि दोन हातांवर बांधलेल्या दुसऱ्या नावेच्या भिंतीही त्याने गुणगुणू लागतात. यासाठी ट्रस्टच्या परवान्यात अट आहे: नाव बांधलेली असताना रात्री ८ ते सकाळी ८ या वेळात विजेसाठी एंजिन किंवा जनरेटर चालवू नये, ज्याचा आवाज दुसऱ्या कोणाच्या कानी जाणार नाही अशा एकांतात असाल तर गोष्ट वेगळी. दुसरे पथ्य असे की, बांधलेल्या नावेचे एंजिन गिअरमध्ये टाकून चालवू नये. त्यामुळे पाण्याखालचा पंखा फिरून काठ खचतो आणि शेजारच्या नावांचे दोर ताणले जातात.

नियम इतकाच. पण घड्याळाने परवानगी दिली म्हणजे शेजारधर्म पाळला गेला, असे होत नाही. सकाळी आठच्या ठोक्याला एंजिन सुरू करणारा मनुष्य नियमात असतो. परंतु पलीकडच्या नावेत रात्रपाळी करून आलेली परिचारिका झोपलेली असू शकते, काठावरच्या घरात तान्हे मूल असू शकते. जाणते नावकरी म्हणून काही गोष्टी आपण होऊन पाळतात. नाव बांधण्यापूर्वी ते धुराचे तोंड कोणाच्या खिडकीसमोर येते का, ते पाहतात. जागा कमी असल्यास दुसऱ्या नावेला नाव लावून बांधण्याची प्रथा आहे. तसे करताना ते आधी विचारतात. चार तास एंजिन चालवणे भाग असेल तर शेजाऱ्याला वेळ विचारून घेतात. शक्यतो बॅटऱ्या प्रवासातच भरून घेतात, म्हणजे त्याच डिझेलात वाट सरते आणि वीजही मिळते. डिझेल एंजिन भाराविना मंद गतीवर फार वेळ ठेवणे त्या एंजिनालाही मानवत नाही. तेव्हा संयमात स्वतःचाही लाभ आहेच.

खरी कसोटी हिवाळ्यात लागते. उन्हाळ्यात छतावरच्या सौर तबकड्या पुष्कळ वीज देतात. परंतु डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो आणि त्या तबकड्या जवळजवळ निरुपयोगी ठरतात. दिवसभर नोकरी करून सहा वाजता परतणाऱ्याच्या हाती एंजिनासाठी दोनच तास उरतात. तेवढ्यात बॅटरी पुरती भरत नाही, आणि ज्याला मुक्कामाची हक्काची जागा नाही त्याला १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी साधारणतः चौदा दिवसांहून अधिक राहताही येत नाही. अशा माणसाचे एंजिन साडेआठपर्यंत चालले तर त्याला अपराधी म्हणावे काय? आमच्या मते, नियम मोडण्याची मुभा त्याला नाही. परंतु त्याच्या दारावर पहिली थाप तक्रारीची नसावी, विचारपूस करणारी असावी. जो शेजारी सांगतो, “तुम्ही सहा ते आठ चालवा, रविवारी दुपारी हवे तितके चालवा, आमची हरकत नाही,” तो स्वतःची शांतता आणि दुसऱ्याचा दिवा, दोन्ही राखतो. आणि ज्याला अशी सवलत मिळते तो आठला पाच मिनिटे कमी असतानाच एंजिन बंद करतो, असा मनुष्यस्वभाव आहे.

एका बाबतीत मात्र सौजन्याला वाव नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो शेजारच्या नावेच्या झरोक्यातून आत शिरून झोपलेल्या माणसाचा प्राण घेऊ शकतो. निवासाची सोय असलेल्या नावांत त्याची सूचना देणारे यंत्र एप्रिल २०१९ पासून सुरक्षातपासणीत आवश्यक ठरले आहे. येथे संकोच न करता तत्काळ सांगावे, आणि ऐकणाऱ्याने राग न मानता नाव हलवावी.

आपल्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. वीज गेली की आपल्या गल्लीतही जनरेटर धडधडू लागतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आपल्याकडे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र ठरवली; निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. पण जनरेटर कोणत्या भिंतीशी ठेवावा, त्याचा धूर कोणाच्या माजघरात जातो, शेजारच्या मुलाची परीक्षा कधी आहे, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नसते. इंदूर-बडोद्याच्या जुन्या वाड्यांत वाढलेल्यांना ते कोणी शिकवावे लागले नाही, कारण मधली भिंत एकच होती आणि पलीकडच्याचा आवाज ओळखीचा होता.

आज आपली मुले सदनिकांत राहतात, भाडेकरार संपला की घर बदलतात, शेजाऱ्याचे नाव कित्येकदा दारावरच्या पाटीवरूनच कळते. एका अर्थी तीही नावकऱ्यांसारखीच झाली आहेत. त्यांना आम्ही एवढेच सुचवू, की नव्या जागी सामान लावण्यापूर्वी शेजाऱ्याचे दार वाजवावे आणि आपला कोणता आवाज त्याला कोणत्या वेळी नकोसा होईल ते विचारून घ्यावे. ओळख आधी झालेली असली म्हणजे पुढे आवाज झाला तरी त्याचे भांडण होत नाही.