सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते? जुन्या ट्रकचा पंप खोलायच्या आधी हे बघा

चिखला (ता. तुमसर) : चिखला, सीतासावंगी, गोबरवाही या पट्ट्यात जुन्या ट्रकची कमी नाही. मॉईलच्या मॅंगनीज खाणींमुळे इथे वाहतुकीचा धंदा जुना आहे. त्यात धान निघालं की तुमसरच्या राईस मिलपर्यंत माल न्यायचा असतो. अशा वेळी पहाटे गाडी सुरूच झाली नाही तर भाडं गेलं, हमालांची रोजी अंगावर बसली आणि केंद्रावरचा नंबरही गेला. मग घाईघाईत पंप उतरवून नागपूरला पाठवला जातो. कॅलिब्रेशनचं मोठं बिल येतं, गाडी चार दिवस उभी राहते, आणि परत आल्यावर कधी कधी तीच तक्रार. दोष निघतो पाइपच्या जोडावरच्या तांब्याच्या वॉशरमध्ये, जो काही रुपयांत मिळतो.

ही माहिती जुन्या, साध्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे जुनी ४०७ असो की दहा चाकी, ज्यात सेन्सर आणि कॉम्प्युटर नाही अशी. नव्या कॉमन रेल गाड्यांवर हे प्रयोग करू नका.

आधी कान द्या, मग सायलेन्सर बघा

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. म्हणून सेल्फने इंजिन झपाट्याने फिरलंच पाहिजे. ते रेंगाळत फिरत असेल तर डिझेलकडे जाऊच नका. बॅटरीचे टर्मिनल, त्यावर साचलेला पांढरा क्षार आणि चेसिसला जोडलेली अर्थची पट्टी आधी साफ करा. मोठ्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. त्यातली एक कमजोर असली तर दुसरी कितीही नवी असून उपयोग नाही. भरलेली बॅटरी आरामात १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते.

इंजिन चांगलं फिरतंय पण पकडत नाही? मग एकाला सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः सायलेन्सरचा धूर बघा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. तेव्हा थंडी, खराब नोझल, पंपाचं टायमिंग किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन यावर संशय घ्यायचा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. खाणीची धूळ आणि धानाचा कोंडा एअर फिल्टरमध्ये बसतोच, तो आधी बघा.

धूर नसेल तर सगळ्यात पहिले स्टॉपची केबल बघा. गाडी बंद करायला ओढतो ती तार गंजून अडकली आणि पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे आला नाही, तर दिवसभर सेल्फ मारा, गाडी सुरू होणार नाही. हाताने लिव्हर मागे ढकलून बघायला एक मिनिट लागतो. पण या साध्या गोष्टीकडे लक्ष सगळ्यात शेवटी जातं.

एअर कुठून घेते?

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पकडते, चार-पाच सेकंद चालते आणि बंद पडते. मग हातपंप मारला की सुरू होते. हे लक्षण एअरचं. आता इथेच बरेच लोक चुकतात. गळती शोधताना ते ओलं कुठे आहे ते बघतात. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप हा ओढणारा पाइप आहे. त्याला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. वरून सगळं कोरडं दिसतं. गाडी बंद झाली की त्याच चिरेतून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं.

याची खात्री करायची सोपी रीत आहे. पाच लिटरचा स्वच्छ डबा घ्या, त्यात गाळलेलं डिझेल भरा आणि तो पंपापेक्षा उंच, सायलेन्सरपासून दूर घट्ट बांधा. डब्यातून नवा पाइप थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. एअर काढा आणि गाडी सुरू करा. आता व्यवस्थित चालली तर पंप निर्दोष आहे. दोष टाकी ते फीड पंप या मधल्या भागात आहे: रबरी पाइप, जोडाचे वॉशर, टाकीतली जाळी. तरीही फरक पडला नाही तर पुढे फीड पंप, फिल्टर, पंप या क्रमाने जा.

एअर काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे संपून नितळ धार आली की हातपंप चालू ठेवूनच स्क्रू कसायचा. मग हेच पंपावरच्या स्क्रूला. नोझलकडचे नट सैल करावे लागले तर बोट किंवा तोंड जवळ नेऊ नका. तिथला दाब इतका असतो की धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणखी एक लपलेला दोष. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालते, मग ओढ कमी होते, बंद पडते. थोडा वेळ थांबलं की परत सुरू. पुढच्या वेळी थांबल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वास घेणारं भोक चिखलाने बुजलंय.

थंड सुरू, गरम बंद

सकाळी लगेच सुरू होते, पण चहाला थांबून आल्यावर घेत नाही, अशी तक्रार असेल तर पंप झिजलेला असण्याची शक्यता मोठी. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या भागातून परत निसटतं, दाब तयार होत नाही. गोल, रोटरी पंपावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून बघा. सुरू झाली तर पंपाचं काम निघालं. गरम पंपावर बादलीभर पाणी मात्र ओतू नका, तो आतून जाम होऊ शकतो.

पंप झिजतो तो बहुतेक पाणी, कचरा आणि भेसळीने. पंपातल्या भागांना वेगळं ऑइल पुरेसं मिळत नाही, बऱ्याच पंपांत डिझेलच वंगण असतं. त्यात रॉकेल मिसळलं की ते वंगण जातं. ड्रममध्ये साठवलेलं किंवा रस्त्यावर 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात मिळणारं घेताना हा हिशोब करा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फिल्टरखालचा नट सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी खाली बसतं, दिसतं. पेट्रोल पंपावर शंका आली तर घनता मोजून दाखवा म्हणा. ती चलनावरच्या आकड्यापेक्षा ३ पेक्षा जास्त वर-खाली नको. मापाची शंका असेल तर तिथलं ५ लिटरचं माप मागा. दोन्ही ग्राहकाचा हक्क आहे.

मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतो: एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्प्रे मारा, गाडी फटकन सुरू. होतेही. पण हीटर असलेल्या गाडीत भडका उडू शकतो आणि वारंवार मारला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात. टाकीखाली किंवा चेंबरखाली जाळ करणारे तर अजूनही आहेत, त्यांना काय म्हणावं! सेल्फही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरीसोबत सेल्फची मोटरही जळेल.

एवढं करूनही पंप मिस्त्रीकडे न्यायची वेळ आली तर 'सुरू होत नाही' एवढंच सांगू नका. थंड की गरम, धूर कोणता, डबा लावून काय झालं ते सांगा. नोझल आधी टेस्टरवर लावून डोळ्यासमोर दाखवायला सांगा: फवारा धुक्यासारखा हवा, धार किंवा थेंब नको. पंप खोललाच तर कॅलिब्रेशनचे आकडे कागदावर घ्या आणि बदललेले जुने पार्ट परत मागून घ्या.