परमुलखातील कैदी आणि कलम ३६

परदेशी गेलेल्या आपल्या माणसाला भारतीय वकिलातीचा उपयोग काय, असे कोणी विचारले की बहुधा पासपोर्टाचा उल्लेख होतो आणि संभाषण तेथेच संपते. हा त्या संस्थेवर अन्याय आहे असे माझे मत आहे. कारण वाणिज्यदूताचे जे कार्य मला सर्वाधिक मोलाचे वाटते आणि ज्याच्या अभ्यासात माझी कित्येक वर्षे आनंदाने गेली, ते परक्या तुरुंगातील मुलाखतीच्या खोलीत पार पडते.

नित्याच्या कामांची यादी थोडक्यात आटोपतो. पासपोर्ट हरवलेल्यास स्वदेशी परतण्यापुरता तातडीचा दाखला देणे, परदेशी जन्मलेल्या अपत्याची नोंद करणे, मुखत्यारपत्र साक्षांकित करणे, मृताचा देह मायदेशी धाडण्यासाठी ना-हरकत दाखला देणे, ही कामे सर्वत्र चालतात. २०१५ पासून ‘मदद’ या संकेतस्थळावर गाऱ्हाणे नोंदविण्याचीही सोय झाली आहे. आणि १९९० साली कुवेतमधील सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी घरी आणल्याची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे.

आता त्या तुरुंगाकडे वळू. वाणिज्यदूतीय संबंधांविषयीचा करार २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्ना येथे झाला, १९ मार्च १९६७ पासून अमलात आला आणि भारत त्यात २८ नोव्हेंबर १९७७ रोजी सामील झाला. त्यातील ७९ कलमांपैकी ३६वे कलम असे सांगते की, परकीय नागरिकास अटक झाली तर त्याला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे ही गोष्ट त्याला विनाविलंब कळवली पाहिजे, त्याने मागणी केल्यास वकिलातीस इतल्ला दिली पाहिजे, आणि वाणिज्यदूतास कैद्याची भेट घेऊन वकील मिळवून देण्याची मुभा असली पाहिजे. दूत कैद्याला सोडवू शकत नाही, स्थानिक न्यायालयावर हुकूमही चालवू शकत नाही. परंतु जेथील भाषा, कायदा आणि शिरस्ता यांपैकी काहीच उमगत नाही अशा ठिकाणी आपल्या सरकारचा एक माणूस समोर येऊन बसणे, यासारखा दुसरा आधार नाही.

हे कलम प्रत्यक्षात किती बलवान आहे, याचा निर्णय दोन भावांच्या मृत्यूनंतर लागला. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात बँक लुटण्याच्या प्रयत्नात एका माणसाचा खून झाला आणि कार्ल व वॉल्टर लाग्रांड हे बंधू पकडले गेले. लहानपणापासून अमेरिकेत वाढलेले असले तरी ते जर्मन नागरिक होते. असे असूनही जर्मन वकिलातीला त्यांचा ठावठिकाणा, देहदंडाची शिक्षा होऊन गेल्यावर, १९९२ साली आणि तोही त्या भावांकडूनच समजला. कार्लला २४ फेब्रुवारी १९९९ रोजी देहदंड देण्यात आला. वॉल्टरसाठी जर्मनीने २ मार्चला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाव घेतली, न्यायालयाने ३ मार्चला स्थगितीचा आदेश दिला, आणि त्याच दिवशी तो आदेश बाजूला ठेवून वॉल्टरचाही देहदंड अमलात आणला गेला. जर्मनीने खटला तरीही सोडला नाही. २७ जून २००१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की कलम ३६ चा हक्क राष्ट्राइतकाच त्या व्यक्तीचाही आहे, आणि न्यायालयाचे अंतरिम आदेश बंधनकारक असतात.

हेग येथे गेलो असता, हे न्यायालय जेथे भरते त्या १९१३ साली उघडलेल्या शांतिप्रासादाच्या लोखंडी फाटकापाशी मी बराच वेळ उभा होतो. माझे मन मात्र लाग्रांड बंधूंवरून आपल्या कुलभूषण जाधवांकडे धावत होते.

मूळचे महाराष्ट्रातील असलेले हे माजी नौदल अधिकारी ३ मार्च २०१६ रोजी ताब्यात आल्याचे पाकिस्तान सांगते. भारताला कळवले गेले २५ मार्चला. हेरगिरीच्या आरोपावरून लष्करी न्यायालयाने १० एप्रिल २०१७ रोजी त्यांना मृत्युदंड ठोठावला. भारत हेगला गेला, नागपूरचे हरीश साळवे यांनी एक रुपया मेहनतान्यावर बाजू मांडली, आणि १८ मे २०१७ रोजी स्थगितीचा आदेश निघाला. हा आदेश बंधनकारक आहे की नाही, हा वाद लाग्रांड निकालाने आधीच मिटवला होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला आई व पत्नी इस्लामाबादेत काचेपलीकडून त्यांना भेटल्या. तेव्हा आईला मातृभाषेत बोलू दिले नाही, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले. ते वाचून मला झालेले दुःख अद्याप ओसरलेले नाही. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी न्यायालयाने ठरविले की कलमाचा भंग झाला आहे आणि हेरगिरीच्या आरोपालाही त्यात अपवाद नाही. सुटकेचा आदेश मिळाला नाही. शिक्षेच्या परिणामकारक फेरविचाराचा मिळाला. २ सप्टेंबरला भारतीय अधिकाऱ्याची त्यांच्याशी प्रथम भेट झाली.

प्रसिद्ध खटल्यांइतकीच आस्था मला पालघर किनाऱ्यावरच्या खलाशांविषयी वाटते. गुजरातच्या बोटींवर कामाला जाऊन सागरी हद्दीपलीकडे पकडले गेलेले हे लोक कराचीच्या तुरुंगात अडकतात. २००८ च्या करारानुसार भारत व पाकिस्तान दर १ जानेवारी व १ जुलैला कैद्यांच्या याद्या परस्परांस देतात, आणि अटकेपासून तीन महिन्यांत वाणिज्यदूताची भेट घडवावी असेही त्यात नमूद आहे. घरात मिळवता माणूस एकच असेल तर तीन महिनेही फार होतात. ही मुदत कमी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशी निघणाऱ्या वाचकांना एकच विनंती आहे. तेथील भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक स्वतःजवळ व घरीही लिहून ठेवा. आणि दुर्दैवाने अटकेचा प्रसंग आलाच, तर माझ्या वकिलातीला कळवा, असे स्वतःच्या तोंडाने सांगा. कैद्याने मागितल्यावाचून वकिलातीस कळविण्याचे बंधन कलम ३६ मध्ये नाही.