ट्रॉम्बेची भट्टी व दोन महासत्ता

कर्जतजवळच्या दहिवलीच्या परिसरांत वीज कशी निर्माण होते हें सांगण्यास ग्रंथ लागत नाहीं. मावळांत अडविलेलें आंध्रा नदीचें पाणी नळांतून घाटाखालीं भिवपुरीस उतरतें, चक्रें फिरवितें आणि वीज होते. टाटांचें हें वीजगृह १९२२ पासूनचें. अणूपासून वीज करावयाची तरी चक्रेंच फिरवावीं लागतात. फरक इतकाच कीं, तेथें युरेनियमचे अणु फुटून निघालेल्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते व ती वाफ चक्रें फिरविते.

परंतु पाऊस सह्याद्रीवर आपोआप पडतो; अणूची विद्या मात्र १९४५ नंतर मोजक्या राष्ट्रांनीं कडीकुलुपांत ठेविली होती. तें कुलूप उघडावें कसें, हा डॉ. होमी भाभा यांच्यापुढील प्रश्न पदार्थविज्ञानाइतकाच मुत्सद्देगिरीचाहि होता.

८ डिसेंबर १९५३ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं संयुक्त राष्ट्रांपुढें अणूच्या शांततामय उपयोगाची योजना मांडली. तींत परोपकारबुद्धि होती, तशी रशियाशीं चाललेली चढाओढहि होती. आणि ही चढाओढच नवस्वतंत्र राष्ट्रांच्या पथ्यावर पडली. ऑगस्ट १९५५ मधील जिनिव्हा परिषदेचें अध्यक्षपद कोणत्याहि गोटांत नसलेल्या भारताच्या भाभांकडे आलें. एरवीं परस्परांकडे संशयानें पाहणारे रशियन व अमेरिकन शास्त्रज्ञ तेथें आपापले गुप्त आंकडे उघड मांडूं लागले. (अणुमीलनाची शक्ति वीस वर्षांत काबूंत येईल, हें भाभांचें तेथील भाकीत मात्र अद्याप खरें झालेलें नाहीं.)

पुढच्याच वर्षीं, ४ ऑगस्ट १९५६ रोजीं, ट्रॉम्बे येथें संशोधनासाठीं बांधलेली ‘अप्सरा’ सुरू झाली. बांधणी भारतीयांची, इंधन ब्रिटनचें. १९६० मधील ‘सायरस’ कॅनडाच्या साह्यानें उभी राहिली. तिचें जड पाणी अमेरिकेनें दिलें. तारापूरचें वीजकेंद्र १९६३ च्या करारानें अमेरिकेकडून आलें व १९६९ सालीं चालूं झालें.

जो इंधन देतो तो हिशेबहि मागतो. मदत घेणाऱ्यांची झडती आणि बलाढ्यांना मोकळीक, हा न्याय कसला, असा भाभांचा आक्षेप होता व तो रास्तच होता. पण १९७४ सालीं पोखरणच्या स्फोटांत ‘सायरस’मधील प्लुटोनियम वापरलें गेलें, तेव्हां कॅनडाचा रोषहि निष्कारण म्हणतां येत नाहीं. त्यानें मदत थांबविली. पुढें तारापूरचें अमेरिकन इंधनहि बंद झालें व फ्रान्सकडे वळावें लागलें. कॅनडाचें युरेनियम पुन्हा भारतांत येण्यास २०१५ साल उजाडलें.