गिअरचा दांडा आखूड करण्यापूर्वी

जुन्या स्पोर्ट्स कारचा शौक असलेला मालक गॅरेजमध्ये येतो. गाडी धुतलेली, पुसलेली, इंजिनाचा आवाजही ठीक. तक्रार एकच असते. गिअर टाकताना दांडा फार लांब सरकवावा लागतो, तेव्हा "उस्ताद, शॉर्ट शिफ्टर बसवून द्या." सामान त्याने आधीच मागवलेले असते आणि डबा मागच्या सीटवर ठेवलेला असतो. काम दिवस न भरता उरकणारे आहे, मेहनताना रोख आहे. अशा वेळी हो म्हणायचे की आधी दोन प्रश्न विचारायचे, यावर या आठवड्यात आम्ही थोडे विस्ताराने लिहीत आहोत. रत्नागिरी-रायगडकडचे आपले अनेक कारागीर आखातातल्या गॅरेजांत हात काळे करतात. तिथे अशा गाड्या येतात, आणि अशा गाडीवर झालेली चूक महागात पडते.

उदाहरणासाठी आम्ही पोर्शे 911 ही गाडी घेतो. 1964 साली तिचे उत्पादन सुरू झाले आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची 911 1998 पर्यंत निघत राहिली. त्यातही 1972 ते 1986 या मॉडेल वर्षांतल्या गाड्यांत जो गिअरबॉक्स होता, त्याचा नंबर 915. शॉर्ट शिफ्टरची मागणी या गाड्यांना मोठी आणि धोकाही याच गाड्यांत जास्त, म्हणून तिची निवड केली.

या गाडीचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. चालकाच्या हातातला दांडा मात्र पुढच्या दोन सीटांच्या मध्ये. या दोहोंमधले अंतर एक लांब सळई भरून काढते. ही सळई गाडीच्या मधोमध जाणाऱ्या पोकळ टनेलमधून मागे जाते, आणि मागच्या सीटांच्या मध्ये एका सांध्याने गिअरबॉक्सच्या दांडीला जोडलेली असते. माझदाच्या 1989 सालच्या एमएक्स-5 मध्ये दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे त्याची चाल मुळातच आखूड आणि नेमकी. 911 मध्ये तसे नाही. हात आणि गिअर यांच्यामध्ये सळई, सांधा आणि तीन-चार ठिकाणी प्लॅस्टिकचे बुश आहेत.

मुंबईत ज्यांनी प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सींवर काम केले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. या शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 साली रस्त्यावरून गेली, पण स्टिअरिंगखालच्या त्या गिअरच्या दांड्याचा ढिलेपणा मिस्त्रींच्या हातांना अजून आठवत असेल. दांडा आधी हवेतच फिरायचा, मग कुठेतरी गिअर पडायचा. त्यावर दांडा बदलणे हा इलाज कोणी केला नाही. जोडकामातले झिजलेले बुश बदलले की गिअर पुन्हा आपल्या जागी पडू लागायचे.

आता शॉर्ट शिफ्टर म्हणजे नेमके काय ते पाहू. त्यात जादू नाही, तरफेचा हिशेब आहे. दांडा मध्येच एका गोळ्यावर झुलतो. गोळ्याच्या वरचा भाग हातात, खालचा भाग सळईत. समजा वरचा भाग 24 सेंटिमीटर आणि खालचा 6 सेंटिमीटर आहे. सळईला गिअर घालण्यासाठी 3 सेंटिमीटर सरकायचे असेल तर हाताला 12 सेंटिमीटर जावे लागेल. खालचा भाग 8 सेंटिमीटर केला की हाताची चाल 9 सेंटिमीटरवर येते. (हे आकडे हिशेब समजण्यासाठी आम्ही घेतले आहेत, 911 ची मापे नव्हेत.) चाल एक चतुर्थांश कमी झाली. पण सळईवर तेवढाच जोर पोहोचवायला हाताला आता एक तृतीयांश जास्त दाबावे लागेल. ही दुसरी बाजू डब्यावर छापलेली नसते.

सळई जागची हलत नाही, म्हणून खालचा भाग लांब झाला की झुलण्याचा गोळा वर उचलावा लागतो. त्यासाठी काही संचांत दांड्याच्या बैठकीखाली ठेवायचा उंचीचा ठोकळा आणि लांब बोल्ट मिळतात. आणखी एक सोपी वाट काही जण काढतात. मूळ दांडा वरून कापायचा आणि मूठ खाली बसवायची. चाल कमी होते हे खरे, हिशेबही तोच आहे, पण हात खाली वाकवावा लागतो आणि मूळ भाग कायमचा बाद होतो. ही वाट कोणी धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाढलेला जोर जातो कुठे, हा यातला खरा प्रश्न आहे. गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणारे भाग आधी एका वेगावर यावे लागतात. हे काम सिंक्रोची कडी घर्षणाने करते. 915 मध्ये पोर्शेच्या स्वतःच्या पद्धतीची, एका जागी चिरलेली पोलादी कडी आहे. अल्फा रोमिओसारख्या इतर कंपन्यांनीही ही पद्धत वापरली होती. कडी मजबूत आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. दांडा आखूड झाला म्हणून कडीचे काम लवकर होत नाही. उलट हाताचा पूर्वीचा जोर आता तिच्यापर्यंत कमी पोहोचतो. मग चालक चिडून जोर वाढवतो, झटका देतो, आणि आधीच अर्धी झिजलेली कडी करकरू लागते. थंड गाडीत दुसरा गिअर खरखरणे ही 915 ची जुनी ओळख. शॉर्ट शिफ्टरनंतर ही खरखर वाढली तर मालक म्हणणार, "तुमच्याकडे आणण्यापूर्वी गाडी चांगली होती." आणि या कड्या बदलायच्या तर इंजिन व गिअरबॉक्स उतरवावे लागतात. 1987 च्या मॉडेलपासून आलेल्या जी 50 गिअरबॉक्समध्ये सिंक्रोची पद्धत बदलली आहे, तिथे आखूड दांडा बराच मानवतो. म्हणून गाडी कोणत्या वर्षाची, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न असा की, दांड्याची चाल लांब आहे की तो ढिला आहे? मालकाला हा फरक कळत नाही आणि कळावा अशी अपेक्षाही नाही. गिअर घातलेला असताना दांडा बोटाने हलवून पाहावा. गिअरमध्येही तो इकडेतिकडे डुलत असेल तर दोष बुशांचा आहे. वीस-तीस वर्षांच्या उष्णतेने प्लॅस्टिकचे बुश ठिसूळ होतात. बैठक उघडली की कित्येकदा त्यांचे तुकडे हातात येतात. अशा जोडकामावर शॉर्ट शिफ्टर चढवला तर ढिलेपणा तेवढाच राहतो आणि कमी झालेल्या चालीत त्याचा वाटा उलट मोठा होतो. गिअर कुठे आहे हे सापडणे आणखी कठीण. त्याबरोबर क्लचची केबलही तपासावी. क्लच पूर्ण सुटत नसेल तर कोणताही दांडा बसवा, गिअर खरखरणारच.

म्हणून आधी बुश, मग दांडा, हा क्रम गिऱ्हाइकाला पटवून द्यावा. नवे बुश आणि सांध्याची दुरुस्ती झाल्यावर आठ दिवस गाडी चालवायला सांगावी. त्यानंतर कित्येक मालक शॉर्ट शिफ्टरचे नावच काढत नाहीत. यात आपले एक काम बुडाले असे वाटेल. पण तोच मालक पुढे ब्रेक, क्लच, सस्पेन्शन घेऊन कोणाकडे जाणार, याचा विचार धंदा करणाऱ्याने करावा.

आणि तरीही त्याला शॉर्ट शिफ्टर हवाच असेल, तर बसवून द्यायला हरकत नाही. कंपनीने स्वतःही या गाडीसाठी असा दांडा पुरवला होता. काम गाडीच्या आत बसूनच होते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, मूठ आणि रबरी बूट काढावा, गालिचा मागे घ्यावा. दांड्याची बैठक तीन बोल्टांनी टनेलवर धरलेली असते, पाना 13 चा लागतो. बोल्ट सैल करण्याआधी शेजारी एक जाड फडके तयार ठेवावे. बैठक उचलताच टनेलचे तोंड उघडे पडते आणि त्यात गेलेला वॉशर शोधण्यात अर्धा दिवस जातो.

याच टनेलमधून क्लचची केबल जाते आणि पेट्रोलच्या नळ्याही जातात. तेव्हा भोक जरा मोठे करायला म्हणून तिथेच ग्राइंडर लावणे किंवा वेल्डिंगची ठिणगी पाडणे म्हणजे गाडीसकट गॅरेज जाळण्याची तयारी. भाग घासायचाच असेल तर तो बाहेर काढून, व्हाइसमध्ये धरून घासावा.

दांड्याच्या खालच्या गोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी बसते. ती नवीनच घालावी, जुनी परत दाबून बसवू नये. सळईला आधार देणारा बुशही याच वेळी पाहून घ्यावा. ग्रीस बेताने लावावे, थापू नये. मग मागच्या सीटांमधले झाकण उघडून सांध्याचे बुश बदलावेत, आणि शेवटी जुळवणी करावी. सांध्याची पकड सैल करून, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये असताना दोन्हीकडच्या दांड्या योग्य स्थितीत धरायच्या आणि पकड आवळायची. या जागी केसभर फरक पडला तरी पहिला गिअर चांगला पडतो आणि पाचवा रुसतो. पूर्ण कामातला निम्मा वेळ इथे गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर घालून पाहावा. गिअर पूर्ण बसल्यावरही दांड्याला पुढे थोडी मोकळीक राहिली पाहिजे. दांडा बैठकीला किंवा बुटाला टेकून थांबत असेल तर गिअर आत अर्धाच बसला आहे. तो चालत्या गाडीत उडेल आणि दात खाईल. आडव्या चालीकडेही लक्ष द्यावे. काही संचांत पुढे-मागेच नव्हे, डावी-उजवी चालही आखूड होते, आणि गिअरांच्या ओळी जवळ येतात. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना भरवेगात चुकून दुसरा पडला, तर चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेबाहेर फिरवतात. वेगमर्यादा राखणारे यंत्र तिथे कामी येत नाही, कारण ते फक्त इंधन किंवा ठिणगी तोडते. गाडीचा वेग तोडत नाही. अशा वेळी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. इंजिन गेले म्हणजे गाडीची अर्धी किंमत गेली. ही गोष्ट मालकाला चावी देतानाच सांगावी, आणि पहिले काही दिवस हात सवयीचा होईपर्यंत सावकाश गिअर टाकायला सांगावे. चाचणी एकदा थंड गाडीवर आणि एकदा तेल गरम झाल्यावर, दोन्ही वेळा मालकाला शेजारी बसवून घ्यावी. खरखर आधीपासून होती की नंतर आली, याचा वाद मग उरत नाही. खरे तर अशी एक चक्कर काम हाती घेण्याआधीही मारावी, आणि जे ऐकू आले ते बिलावर लिहून ठेवावे.

उतरवलेला मूळ दांडा, बैठकीचे बोल्ट, जुनी मूठ हे सगळे पुसून, पिशवीत घालून मालकाला परत द्यावे. जुन्या गाडीला किंमत मूळ भागांची असते. उद्या तो गाडी विकायला काढेल तेव्हा घेणारा हा दांडा मागेल. कित्येक गॅरेजांत हे भाग भंगाराच्या डब्यात जातात, किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकले जातात. ती त्या मालकाची अमानत आहे. पिशवीवर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून, ती पुढच्या डिकीत स्पेअर चाकाच्या बाजूला ठेवून दिली, तर ती हरवतही नाही.