जर्मनीत नोकरी करायचीय? आधी तिथला ‘हो’ समजून घ्या!

भारतातल्या कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचा निर्णय जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करारही केला. पदवी, भाषेचं प्रमाणपत्र आणि व्हिसा हाती आला की तयारी पूर्ण झाली, असं अनेकांना वाटतं. पण तिथली कामाची रीत समजली नाही, तर हातातली नोकरीही अडचणीत येऊ शकते. कशी, ते समजून घेऊ.

पहिले सहा महिने महत्त्वाचे का?

जर्मनीत नोकरीचा परीक्षा-काळ, म्हणजे प्रोबेशन, जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो. या काळात कंपनी असो की कर्मचारी, सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांची नोटीस देऊन करार संपवता येतो. म्हणजे तुमच्यावर भरवसा ठेवता येतो का, हे कंपनी याच सहा महिन्यांत पाहते. आणि भरवसा फक्त कौशल्यावर बसत नाही.

‘हो सर, बघतो’ म्हणजे नक्की काय?

‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ असं साहेबांनी विचारलं की आपण ‘हो सर, बघतो’ म्हणतो. या ‘बघतो’मध्ये किती ‘हो’ आहे आणि किती ‘नाही’, हे इथे दोघांनाही आवाजावरून कळतं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये हाच फरक मांडला होता. काही समाजांत अर्थ संदर्भातून कळतो, तर काहींमध्ये तो थेट शब्दांत सांगावा लागतो. जर्मनी दुसऱ्या गटात मोडतो.

त्यामुळे तिथे ‘हो’ म्हणजे शब्द दिला. शुक्रवारी संध्याकाळी ‘थोडं राहिलंय’ म्हणालात, तर काम राहिल्यापेक्षा ते आधी न सांगितल्याचा राग जास्त येतो. बुधवारीच ‘जमणार नाही, मंगळवार उजाडेल’ असं सांगणारा माणूस विश्वासाचा ठरतो.

याची दुसरी बाजूही आहे. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कुणी ‘हे चुकीचं आहे’ म्हणालं, तर ते मनाला लावून घेऊ नका. चूक तुमच्या ड्रॉइंगमधली काढली आहे, तुमची नाही. बऱ्याचदा त्यानंतर तोच सहकारी तुमच्यासोबत निवांत कॉफी पितो.

मराठीचा फायदा होतो का?

नक्कीच! जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे तुम्ही आणि ‘डू’ म्हणजे तू. इंग्रजीच्या एकाच ‘यू’वर वाढलेल्यांना हे जड जातं, आपल्याला नाही. नियमही ओळखीचाच आहे. वरिष्ठांनी किंवा वयाने मोठ्या व्यक्तीने ‘अरे-तुरे चालेल’ म्हणेपर्यंत ‘झी’च वापरायचं.

वेळेचंही तसंच. ‘हाल्ब द्राय’ याचा शब्दशः अर्थ ‘अर्धा तीन’. ते साडेतीन समजून गेलात, तर मीटिंग तासाभरापूर्वीच सुरू झालेली असेल, कारण ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच. गंमत म्हणजे आपला ‘अडीच’ हा शब्दही संस्कृतमधल्या ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे ‘अर्धा तिसरा’ याच हिशेबातून आला आहे.

आकड्यांत काय घोळ होतो?

जर्मनीत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब. म्हणजे ऑर्डरवर ‘१.५००’ नट लिहिले असतील, तर ते दीड हजार आहेत. ‘२,५’ मिमी म्हणजे अडीच मिलिमीटर. आपले लाख-कोटीही तिथे कळत नाहीत, दशलक्षात सांगावं लागतं.

शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तासाने बदलतं. भारताशी असलेला फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, तर हिवाळ्यात साडेचार तास असतो. भारतात बसून जर्मन टीमसोबत काम करणाऱ्यांनीही या दोन तारखा कॅलेंडरमध्ये टाकून ठेवाव्यात.

ऑफिसबाहेर काय लक्षात ठेवाल?

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे किराणा शनिवारीच भरा. घरात ड्रिल मशीन चालवण्याचा बेतही रविवारी नको. ‘पगार किती?’, ‘लग्न झालं का?’ हे प्रश्न आपल्याकडे आपुलकीचे, तिथे खासगी. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. मात्र आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, ते अशुभ मानतात.

मग आपलं सगळं सोडायचं का?

मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमध्ये ‘जागतिक नागरिकत्वा’च्या शिक्षणाचा उल्लेख आहे. त्याच वाक्यात सांस्कृतिक विविधतेची कदर करण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे स्वतःची ओळख पुसणं यात कुठेच अपेक्षित नाही.

आणखी एक काळजी घ्या. प्रत्येक जर्मन माणूस सारखा नसतो. तुमच्या टीममध्ये तुर्की, पोलिश किंवा सीरियन सहकारीही असू शकतात. वरची माहिती सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरा, कुणावर शिक्का मारण्यासाठी नाही.

सुरुवात कशी कराल?

- कामाची मुदत ठरली की ती ईमेलवर लिहून पाठवा.
- अडचण दिसली की त्याच दिवशी सांगा.
- समजलं नसेल तर ‘तुम्हाला असंच म्हणायचंय ना?’ असं सरळ विचारा. न समजता मान डोलावण्यापेक्षा हा प्रश्न केव्हाही बरा.